सातपुड्यातील नाकतोडे आणि रातकिडे कसे ओळखावेत: नवख्या निरीक्षकांसाठी मार्गदर्शन

पावसाळा ओसरू लागला की खानदेशातील कोणत्याही गवताळ वाटेवर पावलागणिक दोन्ही बाजूंना नाकतोडे उडतात आणि अंधार पडताच त्याच गवतातून रातकिड्यांचा आवाज सुरू होतो. इतक्या जवळ आणि इतक्या संख्येने आढळणाऱ्या या कीटकांची आपली ओळख मात्र ‘हिरवा नाकतोडा’ आणि ‘तपकिरी नाकतोडा’ यापुढे सहसा जात नाही. ऋजुपंखी गणातील या कीटकांच्या जगात २८ हजारांहून अधिक आणि भारतात एक हजाराहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यामुळे छायाचित्र पाहून एकदम जातीचे नाव शोधायला जाणे हा या अभ्यासाचा सर्वांत कच्चा मार्ग आहे. उपगण, कुल, प्रजाती (म्हणजे जवळच्या नात्यातील जातींचा गट) आणि मग जाती अशा क्रमाने वरून खाली उतरावे आणि हातातील पुरावा जिथे संपेल तिथे थांबावे, ही या लेखात सुचवलेली पद्धत आहे. केवळ प्रजातीपर्यंतच ओळखलेली, पण ठिकाण, उंची व तारीख अचूक असलेली नोंद ही अंदाजाने दिलेल्या जातीच्या नावापेक्षा पुढच्या अभ्यासकाला कितीतरी अधिक उपयोगी पडते.

पहिली पायरी: जागा आणि वेळ

जळगावजवळ तापीकाठची काळी जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर आहे, तर अक्राणी तालुक्यातील तोरणमाळचे पठार सुमारे १,१५० मीटरवर आहे. या दोन टोकांच्या मध्ये केळी, कापूस आणि ज्वारीची शिवारे, पायथ्याचे खडकाळ माळ, अंजन व सालईची कोरडी जंगले, सागाचे पट्टे आणि नाल्यांच्या ओलसर घळी असे अधिवास थोड्या थोड्या अंतराने बदलत जातात आणि त्यांच्याबरोबर नाकतोड्यांचे समूहही बदलतात. म्हणून एका दिवसात पुष्कळ भटकण्यापेक्षा शेताचा बांध, गवताळ उतार आणि नाल्याचा काठ अशा तीन जागा निवडाव्यात आणि त्याच जागांवर पुन्हा पुन्हा जावे.

मृगाच्या पावसानंतर जमिनीतील अंडी उबून पिल्ले बाहेर येतात. जून-जुलैत दिसणारे बहुतेक नाकतोडे अशी पिल्लेच असल्याने त्यांना जातीचे नाव देणे अवघड जाते. ऑगस्ट ते ऑक्टोबर, म्हणजे साधारण श्रावणापासून आश्विन संपेपर्यंतचा काळ सर्वांत फलदायी असतो. सकाळी दव असताना कीटक थंडीने मंदावलेले असतात आणि छायाचित्रासाठी स्थिर बसतात. उन्हे चढली की तेच कीटक हाती लागत नाहीत. रातकिडे आणि लांब मिशांचे नाकतोडे यांच्यासाठी सूर्यास्तानंतरचे दोन-तीन तास राखून ठेवावेत.

यावल, अनेर धरण किंवा गौताळा-औट्रम घाट यांसारख्या अभयारण्यांत कीटक पकडण्यासाठी वन विभागाची लेखी परवानगी लागते. गवतात फुरसे असण्याची शक्यता नेहमीच असते. घोट्यापर्यंतचे बूट घालावेत आणि रात्री हात घालण्यापूर्वी त्या जागेवर विजेरीचा प्रकाश टाकावा. कुसळी गवत पिकल्यावर त्याची कुसळे मोज्यांत रुततात, म्हणून जाड कापडाची पँट सोयीची ठरते.

दुसरी पायरी: पकडणे, पाहणे, सोडून देणे

गवतावरून फिरवण्यासाठी कापडी जाळी, झाकणाला छिद्रे असलेल्या पारदर्शक डब्या, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, दहापट मोठे दाखवणारे भिंग, वही आणि भ्रमणध्वनी एवढे साहित्य सुरुवातीला पुरते. झुडपांवरील कीटकांसाठी फांदीखाली पांढरी चादर धरून फांदी काठीने हलकेच झटकावी. फार चपळ कीटक असेल तर डबी काही मिनिटे बर्फाच्या पिशवीजवळ ठेवावी; थंडीने तो शांत होतो आणि पुन्हा ऊब मिळताच पूर्ववत होतो.

नाकतोड्याला एका मागच्या पायाने कधीही धरू नये. सुटण्यासाठी तो पाय सांध्यापाशी तोडून टाकतो आणि प्रौढाला तो पुन्हा येत नाही. मिटलेले पंख किंवा दोन्ही मागच्या मांड्या एकत्र धराव्यात. तोंडातून येणारा तपकिरी द्रव निरुपद्रवी असतो. लांब मिशांचे काही शिकारी नाकतोडे मात्र चांगलाच चावा घेतात, त्यामुळे त्यांना डबीतच पाहावे.

छायाचित्रे ठरलेल्या क्रमाने घ्यावीत: बाजूने, वरून, समोरून चेहऱ्याचे, पोटाच्या टोकाचे, मागच्या मांडीच्या आतल्या बाजूचे, पुढच्या दोन पायांमधील छातीचे आणि शक्य असल्यास मागचा पंख उघडून. बहुतेक लोक फक्त पहिले छायाचित्र काढतात. ओळख अडते ती उरलेली नसल्यामुळे. मांडीच्या आतला रंग किंवा मागच्या पंखावरचा पट्टा ही प्रजाती ठरवणारी लक्षणे कीटक बसलेला असताना झाकलेली असतात.

तिसरी पायरी: हा कीटक खरोखर याच गणातला आहे का?

उडीसाठी जाड झालेली मागची मांडी हे या गणाचे सर्वांत सोपे लक्षण आहे. पुढचे काटेरी पाय दुमडून बसणारा प्रार्थना कीटक आणि काडीसारखा दिसणारा काडीकिडा यांच्या मागच्या पायांना अशी मांडी नसते, त्यामुळे ते लगेच बाजूला काढता येतात. आवाजाच्या बाबतीत सिकाडा या कीटकाने गोंधळ होतो. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर सातपुड्यातील झाडांवरून भर दिवसा येणारा कर्कश, अखंड आवाज रातकिड्यांचा नसून सिकाडांचा असतो, आणि सिकाडा हा रस शोषणारा, ढेकणांच्या गणातला कीटक आहे.

चौथी पायरी: मिशा, कान आणि पोटाचे टोक

पहिला मोठा विभाग मिशांवरून, म्हणजे शृंगिकांवरून होतो. शृंगिका शरीरापेक्षा आखूड आणि तुलनेने जाड असतील तर कीटक सीलिफेरा उपगणातला. सर्वसामान्य नाकतोडे आणि टोळ यात येतात. शृंगिका केसासारख्या बारीक आणि शरीराएवढ्या किंवा त्याहून लांब असतील तर तो एन्सिफेरा उपगणातला. यात रातकिडे आणि लांब शृंगिकांचे नाकतोडे येतात.

शृंगिका तुटलेल्या असू शकतात, म्हणून आणखी दोन लक्षणे तपासावीत. सीलिफेरातील बहुतेक कीटकांचे कान पोटाच्या पहिल्या खंडावर, पंखांच्या मुळाखाली, दोन्ही बाजूंना असतात. एन्सिफेरातील कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या किंचित खाली, बारीक चिरेच्या किंवा पडद्याच्या रूपात दिसतात. मादीचे अंडी घालण्याचे अवयव सीलिफेरात आखूड, चार कठीण टोकांचे असतात, कारण त्यांनी ती जमीन उकरून अंडी खोल ठेवते. एन्सिफेरात तोच अवयव बहुधा लांब होऊन सुईसारखा किंवा वाकडा, चपटा होतो.

या नियमाबाबत गोंधळात टाकणारे दोन कीटक खानदेशात सहज भेटतात. ओल्या जमिनीत बिळे करणारा, खणण्यासाठी रुंद झालेले पुढचे पाय असलेला ग्रायलोटाल्पा हा रातकिडा एन्सिफेरातला असूनही त्याच्या शृंगिका शरीरापेक्षा आखूड असतात. याउलट नदीकाठच्या ओल्या वाळूत बारीक बिळे करणारे, जेमतेम सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही लहान ट्रायडॅक्टिलिडी कुलातले काळपट कीटक रातकिड्यांची पिल्ले वाटतात, पण ते सीलिफेरातले आहेत. तापी, गिरणा किंवा पांझरेच्या काठी वाळूवर काही टुणकन उडाले, तर दुसरी शक्यता आधी तपासावी.

पाचवी पायरी: प्रौढ की पिल्लू?

ही पायरी गाळल्याने होणारी गफलत फार मोठी असते, म्हणून ती कुल ठरवण्याआधीच उरकावी. काही जातींचे प्रौढही आखूड पंखांचे असतात. ज्वारी-बाजरीवर आढळणाऱ्या हायरोग्लिफस नायग्रोरेप्लेटस या एकाच जातीत लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन्ही प्रकारचे प्रौढ मिळतात. अशा वेळी पंखांची मांडणी पाहावी. वाढीच्या शेवटच्या अवस्थांतील पिल्लांत पंखांचे कोंब उलटे फिरलेले असतात, म्हणजे मागच्या पंखाचा त्रिकोणी कोंब पुढच्या पंखाच्या कोंबावर येतो. प्रौढात, पंख कितीही आखूड असले तरी, पुढचा पंखच वर असतो. पिल्लू असल्याची खात्री झाली की नोंद कुलापर्यंत किंवा फार तर प्रजातीपर्यंत न्यावी.

सहावी पायरी: आखूड शृंगिकांचे नाकतोडे

येथे नजर डोक्यामागील पाठीवरच्या खोगिराच्या आकाराच्या ढालीवर, म्हणजे अग्रवक्षाच्या ढालीवर ठेवावी. ही ढाल मागे वाढत जाऊन सबंध पोट झाकत असेल आणि कीटक दीड सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर तो टेट्रिजिडी कुलातला आहे. नाल्यातील शेवाळलेल्या दगडांवर आणि ओल्या मातीवर हे मातकट कीटक बसलेले असतात, शेवाळ व कुजका पाला खातात आणि स्थिर असताना खड्यांत मिसळून जातात. सातपुड्यातील घळींत त्यांच्यासाठी मुद्दाम वेळ द्यावा. हलता खडा दिसेपर्यंत वाट पाहणे हाच शोधण्याचा उपाय आहे.

ढाल आखूड असेल तर डोक्याचे टोक भिंगातून पाहावे. डोळ्यांच्या पुढे आलेल्या टोकावर मधोमध बारीक खाच असेल तर कुल पिरगोमॉर्फिडी. रुईवर मिळणारा पोइकिलोसेरस पिक्टस हा याचा सर्वांत ठळक प्रतिनिधी: प्रौढावर पिवळे व निळसर-हिरवे पट्टे, पिल्लावर पिवळसर अंगावर काळे व तांबडे ठिपके. रुईतील विषारी द्रव्ये तो अंगात साठवतो आणि पिल्लाला धरले तर ते पोटाच्या वरच्या बाजूने द्रवाची चिळकांडी उडवते, म्हणून डोळे जपावेत. नांगरलेल्या जमिनीवर ढेकळाच्या रंगाचा, खरबरीत, बसका क्रोटोगोनसही याच कुलातला असून कपाशी आणि ज्वारीची कोवळी रोपे तो कुरतडतो.

उरलेले बहुतेक नाकतोडे ॲक्रिडिडी या मोठ्या कुलात येतात. त्यांची विभागणी करताना कीटक उलटा करून पुढच्या दोन पायांच्या मध्ये, गळ्याखाली, टोकदार उंचवटा आहे का ते पाहावे. हे लक्षण वरून घेतलेल्या कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही, पण त्याच्यामुळे शक्यता जवळपास निम्म्या होतात. उंचवटा असेल तर हायरोग्लिफस, ऑक्झिया, सायर्टॅकॅन्थॅक्रिस, पटंगा यांसारख्या प्रजातींचा विचार करावा. हायरोग्लिफसच्या हिरव्या-पिवळ्या ढालीवर काळ्या आडव्या रेघा स्पष्ट असतात. त्याची मादी बांधाच्या मातीत अंडी घालते, त्यामुळेच नांगरट करताना बांधांच्या कडा खरवडून अंडी उन्हात व पक्ष्यांपुढे उघडी पाडण्याचा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. पटंगा सक्सिंक्टा म्हणजे मुंबई टोळ; १९०१ ते १९०८ या काळात पश्चिम भारतात याच्या मोठ्या धाडी आल्या होत्या. त्याचे प्रौढ हिवाळा व उन्हाळा काढून पुढच्या पावसात अंडी घालतात, म्हणून फेब्रुवारीतही मोठा प्रौढ नाकतोडा दिसला तर या प्रजातीची शक्यता पडताळावी.

उंचवटा नसेल तर मागचे पंख पाहावेत. उडताना एकदम पिवळा किंवा तांबूस रंग चमकून बसताच नाहीसा होत असेल, आणि उघडलेल्या पंखावर काळा वक्र पट्टा असेल, तर तो इडिपोडिनी उपकुलातला. खडकाळ माळांवर हेच अधिक दिसतात. ढालीच्या मधल्या धारेवर दोन दातांसारखे उंचवटे असलेला छोटा तपकिरी ट्रायलोफिडिया सुरुवातीच्या सरावासाठी उत्तम, कारण हे एक लक्षण भिंगातून दिसले की प्रजाती बहुधा निश्चित होते. डोके शंकूसारखे लांब आणि शृंगिका चपट्या, तलवारीच्या पात्यासारख्या असतील तर ॲक्रिडा. पिरगोमॉर्फिडीतील ॲट्रॅक्टोमॉर्फा हा हिरवा नाकतोडाही निमुळत्या डोक्याचा असल्याने दोघांत नेहमी गोंधळ होतो. ॲट्रॅक्टोमॉर्फाच्या डोळ्यामागून ढालीकडे बारीक दाण्यांची ओळ जाते, मागच्या पंखाचा बुडखा गुलाबी असतो आणि डोक्याच्या टोकावर वर सांगितलेली खाच असते.

रंगाला सर्वांत शेवटी विचारात घ्यावे. ॲक्रिडाच्या एकाच जातीत पूर्ण हिरवे, पूर्ण तपकिरी आणि पट्टेदार असे सर्व प्रकार मिळतात. टोळांच्या बाबतीत तर गर्दीमुळेच रंग बदलतो. १९२१ मध्ये बोरिस उव्हारोव्ह यांनी एकटे राहणारे आणि थव्याने फिरणारे टोळ ही एकाच जातीची दोन रूपे असल्याचे दाखवून दिले. मे २०२० मध्ये विदर्भात उतरलेल्या वाळवंटी टोळांच्या थव्यांतील गुलाबी टोळ हे अजून अंडी घालण्यास तयार न झालेले प्रौढ असतात. परिपक्व झाल्यावर तेच पिवळे होतात.

सातवी पायरी: लांब शृंगिकांचे कीटक

पुढचे पंख पाठीवर सपाट ठेवून कडांशी खाली वळवलेले, पोटाच्या टोकाला दोन लांब पुच्छिका (शेपटीसारखे बारीक अवयव) आणि पाऊल तीन खंडांचे असेल तर तो रातकिड्यांपैकी आहे. पंख अंगाच्या दोन्ही बाजूंना उतरते, पुच्छिका आखूड आणि पाऊल चार खंडांचे असेल तर तो टेटिगोनिडी कुलातला. पावलाचे खंड मोजायला भिंग लागते, पण हे लक्षण चुकवत नाही. याच कुलातला हिरव्या किंवा वाळक्या पानासारखा मोठा मेकोपोडा झाडोऱ्यात, तर सडपातळ कोनोसेफॅलस ओलसर गवतात शोधावा.

रातकिड्यांत ग्रायलस बायमॅक्युलेटस हा काळाभोर कीटक पुढच्या पंखांच्या मुळाशी असलेल्या दोन फिकट ठिपक्यांवरून लगेच कळतो. धाब्याच्या घरांच्या भिंतीतून आणि चुलीमागून ऐकू येणारा फिकट, गडद आडव्या पट्ट्यांचा ग्रायलोड्स सिजिलेटस वेगळा: त्याच्या नराचे पंख आखूड आणि मादीचे नावापुरतेच असतात, त्यामुळे त्याची मादी पिल्लू समजली जाते. तिच्या पोटामागे अंडी घालण्याची पूर्ण वाढलेली सुई असते, ती पाहावी. झुडपांवरचा नाजूक, फिकट हिरवा, पारदर्शक पंखांचा इकॅन्थस पाहण्याआधी बहुधा ऐकूच येतो.

आठवी पायरी: आवाजाची नोंद

नाकतोड्यांचे काही प्रकार मागची मांडी पंखावर घासून आवाज काढतात. रातकिडे आणि टेटिगोनिडी पुढचे दोन पंख एकमेकांवर घासून. रातकिड्यांत सहसा उजवा पंख वर असतो, टेटिगोनिडीत डावा. रातकिड्यांत गातो तो नर, म्हणून गाणारा कीटक सापडला की नराच्या पंखावरील वळणदार शिरांचे छायाचित्र घ्यावे. मादीच्या पंखावर त्याऐवजी साधी जाळी असते.

जमिनीवरचा गायक एकट्याने शोधणे कठीण जाते. दोघांनी वेगवेगळ्या बाजूंनी आवाजाच्या दिशेने विजेरी रोखावी. दोन्ही प्रकाशझोत जिथे मिळतात तिथे शोध घ्यावा. किमान अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण करून त्याबरोबर हवेचे तापमान लिहावे, कारण ऊब वाढली की त्याच रातकिड्याच्या आवाजाची लय जलद होते आणि तापमान नसलेल्या दोन ध्वनिमुद्रणांची तुलना करता येत नाही. टेटिगोनिडीतील अनेकांचा आवाज माणसाच्या कानापलीकडच्या कंपनांत असतो आणि साधा भ्रमणध्वनी तो टिपत नाही. तरीही ध्वनिमुद्रणाचे महत्त्व कमी होत नाही: दक्षिण भारतात दिसायला सारखेच, पण गाण्याची धाटणी निरनिराळी असलेले मेकोपोडा अभ्यासकांना आढळले आहेत.

नववी पायरी: नोंद लिहिणे आणि नावापाशी थांबणे

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, गावाचे व शिवाराचे नाव, अक्षांश-रेखांश, उंची, कीटक बसलेली वनस्पती, प्रौढ की पिल्लू, नर की मादी आणि लांबी लिहावी. लांबी दोन प्रकारे मोजावी: डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत आणि डोक्यापासून मिटलेल्या पंखांच्या टोकापर्यंत. हिरवा रंग मेलेल्या कीटकात लवकर उडतो, त्यामुळे रंगांचे वर्णन जिवंतपणीच व्हावे. वनस्पतीचे नाव माहीत नसेल तर तिचेही छायाचित्र घ्यावे. गुरे चारणाऱ्या पावरा किंवा भिल्ल मंडळींना विचारले तर गवताचे स्थानिक नाव बहुधा मिळते आणि ते जसेच्या तसे लिहून घ्यावे.

नाव ताडून पाहताना जुन्या साहित्याची काळजी घ्यावी. विल्यम किर्बी यांचे भारतातील आखूड शृंगिकांच्या नाकतोड्यांवरील १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेले आणि ल्युसियाँ शोपार यांचे रातकिड्यांवरील १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेले काम आजही आधारभूत आहे, पण त्यानंतर अनेक प्रजातींची नावे व कुलांच्या सीमा बदलल्या आहेत. त्यामुळे जुने नाव आजच्या जागतिक सूचीत तपासूनच वहीत घालावे. भारतीय प्राणी सर्वेक्षण या १९१६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे; परवानगीने गोळा केलेले नमुने पडताळण्याचा तो योग्य मार्ग आहे.

ऑक्झियासारख्या कित्येक प्रजातींत जाती वेगळ्या करण्यासाठी प्रौढ नराच्या पोटाचे टोक, पुच्छिकांचा आकार आणि कधीकधी आतले जननावयव पाहावे लागतात. तेव्हा मादी किंवा पिल्लू हाती आले असेल तर ‘ऑक्झिया, जाती अनिश्चित’ असे लिहावे आणि का अनिश्चित तेही एका ओळीत नोंदवावे. अशा अडलेल्या नोंदींची यादी वहीच्या शेवटी ठेवावी, म्हणजे पुढच्या भाद्रपदात त्याच बांधावर जाताना कोणत्या प्रजातीचा प्रौढ नर शोधायचा आहे आणि त्याच्या कोणत्या भागाचे छायाचित्र घ्यायचे आहे, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असेल.